४ रुपये पगाराचा बॉलर

क्रिकेटमधला पैसा आपण रोज बघतो. पण १८९०च्या दशकात, आपल्या पिंपरीशेजारच्या पुण्यात, गोऱ्यांच्या क्लबात एक तरुण महिना ४ रुपयांवर पिचवर रोलर फिरवायचा. ते म्हणजे पालवणकर बाळू. साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकता टाकता ते अव्वल डावखुरे स्पिनर झाले. पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना टीममध्ये घेतलं, पण ते चर्मकार म्हणून चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट्स काढल्या, तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. शेवटी १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकलासुद्धा. बाळू १९५५ मध्ये गेले. आपल्या टीमचा कॅप्टन निवडताना फक्त खेळ बघायचा, एवढं तरी आपण करू शकतो ना?