पॅरिश क्लार्कचा मुलगा

विल्यम केरी म्हटलं की आपल्याला मराठीचं व्याकरण आणि कोश आठवतात. मी त्याच्याकडे गेले ते दुसऱ्याच वाटेने, जुन्या इंग्रजी चर्च-दप्तरातले शब्द समजून घेताना.

केरी १७६१ साली इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी गावी जन्मला. वडील एडमंड विणकर. पुढे ते पॅरिश क्लार्क झाले. मला वाटलं, चर्चच्या ऑफिसातले कारकून असतील. पण तेव्हाचा पॅरिश क्लार्क म्हणजे उपासनेत लोकांच्या वतीने धर्मगुरूला उत्तर देणारा, मोठ्याने आमेन म्हणणारा माणूस. गावची शाळाही एडमंडच चालवत. आणि पॅरिश म्हणजे आपल्यासारखा नुसता धर्मग्राम नव्हे. गोरगरिबांना मदत, रस्त्यांची डागडुजी, हेही पॅरिशकडेच असायचं.

केरी जोडे शिवायला शिकला आणि तरुणपणीच डिसेंटर झाला. डिसेंटर म्हणजे भांडखोर नव्हे, तर राज्यमान्य चर्च सोडून वेगळी उपासना धरणारा. तरी १७८१ मध्ये त्याचं लग्न लागलं ते पिडिंग्टनच्या पॅरिश चर्चमध्येच! हे कसं काय? तर १७५४ पासून कायदाच तसा होता; क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना तिथेच जावं लागे. म्हणजे लग्नाच्या नोंदीवरून माणसाची श्रद्धा ठरवायची नाही.

त्या नोंदवहीत वधू डॉरथीच्या नावापुढे क्रूस आहे. मी कॅथलिक, मला ती भक्तीची खूण वाटली. ती सही होती. डॉरथीला लिहिता येत नव्हतं. माझ्या आजीचा अंगठा असायचा, तसंच.

१७९३ मध्ये केरी बंगालला आला. डॉरथीची यायची तयारी नव्हती, शेवटी आली. पुढच्याच वर्षी त्यांचा लहानगा पीटर गेला. तिचं मन ढासळलं, ते पुन्हा सावरलंच नाही. इकडे केरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून आलं. १८०७ मध्ये डॉरथी श्रीरामपूरला वारली. १८१० मध्ये मराठी कोश निघाला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. केरी १८३४ मध्ये तिथेच गेला.

आपल्या भाषेला कोश देणाऱ्याच्या घरात एक बाई क्रूस काढून सही करायची. मी ती खूण चुकीची वाचली असती, तर डॉरथी मला दिसलीच नसती.