साथीच्या काळातील सावित्रीबाई

निवासी शाळेच्या स्मरणिकेत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्यावर एक तरी लेख असावा, ही आता परंपराच झाली आहे. त्या लेखांत भिडेवाडा असतो, शेणाचे गोळे असतात, पहिल्या शिक्षिकेचा मान असतो, आणि ते सारे यथार्थच आहे. मात्र त्यांच्या मृत्यूचा उल्लेख बहुधा अखेरच्या एका वाक्यात येतो. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांचे निधन झाले, एवढे सांगून लेखक लेखणी खाली ठेवतो. प्रस्तुत लेखात ते एक वाक्य उलगडून पाहावयाचे आहे. बेसा येथील आपल्या शाळेसारख्या संस्थेत मुले एका छपराखाली झोपतात, एका पंगतीत जेवतात आणि एका टाकीचे पाणी पितात. अशा ठिकाणी साथ आली असता काय करावे, या प्रश्नाचे उत्तर सावित्रीबाईंच्या संपूर्ण आयुष्यात विखुरलेले आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. पुढे अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. सावित्रीबाई केवळ धैर्यवान नव्हत्या, त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८४९ मध्ये सासरचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी या दांपत्यास आसरा दिला. १८५१-५२ या दोन वर्षांत चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथे मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. महार, मांग आदी मुलांसाठीही शाळा निघाल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला.

शाळेच्या वाटेवर अंगावर चिखल-शेण पडे, म्हणून त्या दुसरे लुगडे सोबत नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसत. ही हकीगत आपण नेहमी त्यांच्या सहनशीलतेचे उदाहरण म्हणून सांगतो. मला मात्र तीत एका शिक्षिकेचा काटेकोरपणाही दिसतो. घाण अंगावर घेऊन मुलींपुढे उभे राहावयाचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःपुरता पाळला. सकाळच्या परिपाठात नखे आणि गणवेश तपासणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे पटावे.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील ऑक्टोबर १८५६ चे पहिले पत्र आजारपणातले आहे. प्रकृती ढासळल्यामुळे त्या माहेरी नायगावला होत्या आणि भाऊ त्यांची शुश्रूषा करीत होता. बऱ्या झाल्यावरच पुण्यास येण्याचा त्यांचा मनोदय त्या पत्रात आहे, आणि आपल्या अनुपस्थितीत फातिमा शेख यांच्यावर कामाचा भार पडत असेल, याची चिंताही आहे. शिक्षिका आजारी पडली म्हणून ती पूर्ण बरी होईपर्यंत दूर राहिली आणि तिच्या जागी दुसरी सक्षम शिक्षिका उभी होती. दोघींपैकी कोणालाही ते लज्जास्पद वाटले नाही. अंगात ताप असतानाही वर्गावर येण्याला निष्ठा समजण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिला या पत्रात आधार मिळत नाही.

१८६८ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. इतिहासाची पुस्तके या घटनेकडे सामाजिक समतेची कृती म्हणून पाहतात. ती तशी आहेच, तथापि आरोग्याच्या दृष्टीनेही तिचा विचार व्हावयास हवा. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. आपल्याकडे ज्यांना विहिरीवर चढू दिले जात नसे, त्यांच्या वाट्याला नाल्याचे, डबक्याचे पाणी येई, आणि मग पटकी महारवाड्यात पसरली की तो त्यांच्याच अस्वच्छतेचा दोष ठरे. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो लढा मानवी हक्काचा होता. आणि स्वच्छ पाणी हा त्या हक्काचा अगदी पहिला भाग आहे. शाळेतील पाण्याची टाकी कधी धुतली, असे विचारणारा पालक या परंपरेतलाच मानावा.

१८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत आणि सावित्रीबाई स्वतः त्यांची देखभाल करीत. त्याच कामातून काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांच्या पदरी आला. तोच यशवंत. त्याला दत्तक घेऊन या दांपत्याने डॉक्टर केले. या डॉक्टर मुलाचा संदर्भ पुढे येणार आहे.

आता १८७७ चा दुष्काळ. १८७६ पासून दख्खनमध्ये पाऊस फिरकला नव्हता. गावे ओस पडली, गुरे मेली, आणि दुष्काळामागोमाग नेहमीप्रमाणे पटकी व ताप आला. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली आणि पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू केला. अनाथ आणि उपाशी मुलांना तेथे अन्न व आसरा मिळे. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई जुन्नर भागात, ओतूरला होत्या. तेथून पाठविलेल्या पत्रात त्यांनी लोकांची अवस्था आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांवर आलेले बालंट यांची हकीगत कळविली आहे. कलेक्टरपुढे उभे राहून त्यांनी कार्यकर्त्यांची बाजू मांडली.

धनकवडीच्या बालाश्रमाचा आपल्याकडे पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे माझे मत आहे. निवासी शाळा चालविणाऱ्यांनी तरी तो करावा. संकटकाळी मुलांना घरी पाठविले म्हणजे ती सुरक्षित झाली, असे आपण गृहीत धरतो. १८७७ मध्ये त्या मुलांच्या घरी चूलच पेटत नव्हती. त्यांची सुरक्षितता दोन वेळच्या भाकरीत होती, आणि ती एकत्र राहूनच मिळणार होती. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि वसतिगृहे रिकामी करण्यात आली. त्या वेळच्या माहितीनुसार तो निर्णय आवश्यकच होता. पण घरी गेलेल्या सर्व मुलांसाठी घर सारखे नव्हते. कोणाकडे वडिलांचा मोबाईल होता, कोणाकडे वडिलांची मजुरीही राहिली नव्हती. दहावीच्या वर्गातली काही मुले कामाला लागली ती परत आलीच नाहीत, हे विदर्भातील कोणताही शिक्षक सांगेल.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. यशवंतराव लष्करी वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी आढळला. लोक त्याला ग्रंथिक सन्निपात किंवा गाठीचा ताप म्हणत. काखेत, जांघेत गाठ येई, ताप चढे आणि बहुतेक रोगी काही दिवसांत दगावत. हाँगकाँगमध्ये यर्सिन यांनी १८९४ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. परंतु तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो हे सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे १८९७ च्या आरंभी साथ पुण्यात पोहोचली, तेव्हा ती कशी पसरते हे कोणालाच ठाऊक नव्हते. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पुण्याच्या सामान्य माणसापर्यंत ती येण्यास अद्याप अवकाश होता. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा संमत झाला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला. ९ फेब्रुवारीला मुंबईत, प्लेगग्रस्तांसाठी झटत असताना, सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्याच रोगाने मृत्यू पावले.

त्याच वर्षी पुण्यात एक मोठी निवासी संस्था होती, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या आपल्याच प्रांतात, तेव्हा भीषण दुष्काळ होता. रमाबाई तेथून शेकडो अनाथ मुली व स्त्रियांना घेऊन पुण्यास आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुलींना शहरात एकत्र ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या आपल्या मोकळ्या शेतजमिनीवर हलविले. सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या मुलीला मिळालेल्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रारही केली. रमाबाईंचा धर्ममार्ग आणि सत्यशोधकांचा मार्ग भिन्न होता. पण गर्दी कमी करा, मोकळ्या हवेत जा, मुलींना एकत्र सांभाळा आणि रुग्णालयात गेलेल्या मुलीचा पाठपुरावा सोडू नका, ही रमाबाईंची कृती कोणत्याही वसतिगृहाच्या अधीक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सावित्रीबाईंनीही मोकळे रान निवडले. त्यांनी यशवंतरावांना रजा काढून बोलावून घेतले. यशवंतरावांची सासुरवाडी हडपसरच्या ससाणे घराण्यातली. पत्नी १८९५ मध्येच निवर्तली होती, तरी नाते टिकून होते. शहराबाहेर ससाण्यांच्या मळ्यात त्यांनी दवाखाना उघडला. दाट वस्तीतली उंदरांनी भरलेली घरे सोडून रोग्याला माळावर आणणे हे शास्त्राच्या कसोटीवर योग्य होते, हे पुढे सिद्ध झाले.

येथे एक विचार मांडणे मला आवश्यक वाटते. संसर्गजन्य रोगात विलगीकरण करावेच लागते. कांजिण्या असोत, गालगुंड असो, डोळ्यांची साथ असो वा खरूज, आजारी मुलाला वेगळे ठेवण्यात कोणताही अन्याय नाही. परंतु आपल्या समाजाने वेगळे ठेवण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या नातवंडांना आजारीखोलीचे दार बाहेरून लोटले जाते तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार आपण नाही करावयाचा तर कोणी करावयाचा? रोगापासून अंतर आणि माणसापासून अंतर यांत फरक आहे, आणि तो त्या खोलीत कोण जाऊन बसतो यावरून ठरतो. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी स्वतः स्नान घातले, ही कथा आपल्या मुलांनी ऐकलेली असते. आज मुखपट्टी आहे, साबण आहे, लस आहे, औषध आहे. शुश्रूषा करणाऱ्याने ती सारी साधने वापरलीच पाहिजेत. १८९७ मध्ये त्यांतले जवळजवळ काहीच नव्हते.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गाठ आल्याचे सावित्रीबाईंना कळले. गावोगावी रोगी लपविले जात होते, कारण उघड झाले तर घर जाईल ही भीती होती. शिवाय महारवाड्यातील मुलाला उचलण्यास पुढे येणार कोण? सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई मुंढव्यास गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आल्या. रस्ता काही मैलांचा आहे. ज्या वयात आपण आपल्या आजीला जिना चढू देत नाही, त्या वयात त्यांनी तो कापला.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर काही दिवसांतच रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरोघरी झडत्या सुरू केल्या. २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. १८९७ चा प्लेग म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांना ती गोळी आठवते. परीक्षेतही प्रश्न तिच्यावरच येतो. मुंढवा ते हडपसर हा रस्ता नकाशात शोधावयास मी माझ्या वर्गाला सांगत असतो, त्याला गुण नसतात.

यशवंतराव आईच्या मृत्यूनंतर लष्करी सेवेत परत गेले. प्लेगही पुनःपुन्हा येतच राहिला. काही वर्षांनी ते पुण्याला आले असता साथ पुन्हा भडकली होती. त्यांनी रोग्यांवर उपचार सुरू केले आणि १९०५ मध्ये त्यांनाही प्लेगनेच मृत्यू आला.