शिक्षेचे भय आणि रघुनाथराव कर्वे

अष्टविनायकांतील रांजणगावच्या महागणपतीपासून जवळच शिरूर तालुक्यातील कारेगाव आहे. औद्योगिक वसाहतीमुळे परगावचे तरुण कामगार या परिसरात मोठ्या संख्येने खोल्या घेऊन राहतात. अशा कोणत्याही गावातील औषधाच्या दुकानात आज संततिप्रतिबंधक साधने उघडपणे मांडलेली असतात. दुकानदार नाव विचारत नाही, लग्नाचा दाखला मागत नाही. गिऱ्हाईक मात्र अजूनही इतर माणसे जाईपर्यंत थांबते आणि पुडी कागदात गुंडाळून घेते. ज्या वस्तूंची माहिती दिल्याबद्दल मुंबईतील एका गणिताच्या प्राध्यापकाला १९२५ साली आपल्या पदावर पाणी सोडावे लागले, त्याच या वस्तू होत. वस्तू सुलभ झाल्या. संकोच मात्र तेथेच राहिला. असे का झाले याचे उत्तर त्या प्राध्यापकाच्या चरित्रात बऱ्याच अंशी सापडते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. त्याच वर्षी पुण्यात ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षी सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली होती आणि विधवांच्या नीतीविषयी वृत्तपत्रांतून जी चर्चा उसळली, तिने संतप्त होऊन ताराबाईंनी लेखणी हाती घेतली होती. त्यापूर्वीच, १८६३ साली, जोतिराव फुल्यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले होते. त्या काळी विधवेला राहिलेला गर्भ हा तिच्या पापाचा पुरावा समजला जाई आणि पुरुष नामानिराळा राही. धर्म एकच, अपराध एकच. शिक्षा मात्र निसर्गाने ज्या शरीरावर लादली त्यालाच. रघुनाथरावांनी पुढे आयुष्यभर ज्या कल्पनेशी झुंज दिली, तिचे सर्वांत उघडे रूप त्यांच्या जन्मकाळीच समाजापुढे होते.

रघुनाथराव हे धोंडो केशव कर्व्यांचे ज्येष्ठ चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या मुलाने गावाचा रोष घरात बसून पाहिला. बहिष्काराने माणूस मरत नाही, हे ज्याला इतक्या लहानपणी कळते त्याच्यावर पुढे समाजाचे हे शस्त्र फारसे चालत नाही. तथापि पित्याच्या आणि पुत्राच्या सुधारणेत एक मूलभूत अंतर होते. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार शोधता येत होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतून तो दाखविलाही होता. संततिनियमनाला असा आधार मिळणे कठीण होते. पितृऋण फेडण्यासाठी पुत्र हवा, नववधूला आशीर्वाद द्यायचा तो अष्टपुत्रा होण्याचा, अशी ज्या धर्माची शिकवण, त्यात गर्भधारणा टाळण्याच्या विद्येला जागा कोठून असणार? रघुनाथरावांनी असा आधार शोधण्याची खटपटच केली नाही. त्यांना ती अप्रामाणिकपणाची वाटली असावी. या एका गोष्टीमुळे पित्याला जे पाठीराखे लाभले ते पुत्राला लाभले नाहीत.

विद्यार्थी म्हणून ते तेजस्वी होते. मॅट्रिकला पहिला क्रमांक, १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, पुढे गणिताच्या अध्ययनासाठी पॅरिसचा प्रवास, आणि प्राध्यापकी. गणिताने त्यांना एक सवय लावली. सिद्धता नसेल तर विधान कोणाचेही असो, ते मान्य करावयाचे नाही. आणि सिद्धता असेल तर निष्कर्ष कितीही अप्रिय असो, तो नाकारावयाचा नाही. वर्गात ही सवय शोभते. समाजात ती माणसाला एकाकी करते.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली काढलेले केंद्र पोलिसांनी अवघ्या काही दिवसांत बंद पाडले होते. त्या मानाने मुंबई उदार म्हणावी लागेल, किंवा बेफिकीर. पत्नी मालतीबाईंनी या कार्यात त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. उभयतांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष एका योगायोगाकडे गेल्यावाचून राहत नाही. १९२१ ची जनगणना ही आपल्या देशातील एकमेव अशी जनगणना होय, की जिने आधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या घटल्याचे दाखविले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने लक्षावधी माणसे नेली होती. म्हणजे भारतातील पहिला संततिनियमनाचा प्रचारक कामाला लागला तो लोकसंख्येच्या स्फोटाला भिऊन नव्हे. दारिद्र्य आणि मोठे कुटुंब यांचा संबंध तो जाणत होता. पण त्याच्या युक्तिवादाचा पाया माल्थसचा नव्हता. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, आणि आपल्या शरीराचे काय करायचे हे तिने ठरवावे. कामसुख हे पुरुषाइतकेच स्त्रीचेही आहे. आणि ज्याने दुसऱ्याला इजा होत नाही ते पाप नव्हे, हा तो पाया होता. अन्नधान्य मुबलक झाले तरी हा युक्तिवाद अबाधित राहतो. सनातनी मंडळींना नेमके हेच खुपत होते. मुले थोडी व्हावीत याला त्यांचा तितका विरोध नव्हता. संयमाने होत असतील तर त्यांना ते चालले असते. सुख घ्यावे आणि त्याचा भोग चुकवावा, हे त्यांना अधर्म्य वाटत होते.

गुप्तरोगांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक निष्ठुर रूपाने उभा राहतो. रघुनाथरावांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही पुस्तक लिहिले. उपदंशावर साल्वरसान हे औषध १९१० मध्ये बाजारात आले होते, आणि रबरी साधनाने संसर्ग बऱ्याच अंशी टळतो हेही ठाऊक होते. पण पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सैनिकांना प्रतिबंधक साधने द्यावीत की नाही यावर धर्मोपदेशकांनी वाद घातला होता. साधने देणे म्हणजे पापाला परवाना देणे, असे त्यांतील अनेकांचे मत. आपल्याकडील नीतिवाद्यांची भाषा निराळी असली तरी हिशेब तोच होता. रोग ही व्यभिचाराची शिक्षा. शिक्षेचे भय गेले की नीती गेली. या हिशेबातील चूक दाखविण्यास गणितज्ञाचीही गरज नव्हती. पुरुष रोग घरी आणतो. तो घडतो पत्नीला, जिने काहीच केलेले नसते. परम्याची बाधा झालेल्या आईचे मूल जन्मतःच डोळ्यांना संसर्ग घेऊन येते आणि आंधळे होऊ शकते. जर्मनीतील डॉक्टर क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून हे अंधत्व टाळून दाखविले, तेव्हा कोणाच्या पापाची शिक्षा टळली? ईश्वर न्यायी असेल तर तो अशा आंधळ्या दंडाधिकाऱ्याकडे न्यायदान सोपविणार नाही. रघुनाथराव तर ईश्वरच मानीत नव्हते. त्यामुळे त्यांना ही अडचणच नव्हती.

विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांचे. रघुनाथरावांनी प्रचार तरी थांबवावा नाही तर पद तरी सोडावे, असा प्रसंग चालकांनी आणला तेव्हा त्यांनी पद सोडले. पुढे पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी लॅम्बेथ परिषदेत काही मर्यादांत कृत्रिम साधनांना संमती दिली. आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी रोमच्या पोपनी ती निषिद्ध असल्याचे पुन्हा बजावले. एकाच धर्मग्रंथाचे दोन अर्थ एकाच वर्षात निघाले. धर्म अपरिवर्तनीय असतो असे सांगणाऱ्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. लिहिणे, मुद्रिते तपासणे, अंक पाठविणे, वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे, हा सारा भार मुख्यतः संपादकाच्याच शिरावर होता. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल पुण्यातील सनातन्यांच्या पुढाकाराने अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या खेपेस बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि विकृती असलीच तर ती ज्ञानाने जाईल, झाकून ठेवल्याने नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांनी मात्र विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाच्या प्रसाराचा प्रस्ताव आला आणि तो बहुमताने फेटाळला गेला.

विरोध केवळ जुन्या शास्त्री-पंडितांचा असता तर काळाने तो आपोआप मोडून काढला असता. खरा अडथळा गांधीजींचा होता. मर्यादित कुटुंब त्यांनाही हवे होते, पण ब्रह्मचर्याने. १९३५ च्या डिसेंबरात सँगरबाई वर्ध्याला त्यांना भेटल्या, पण रिकाम्या हाताने परतल्या. रघुनाथरावांनी गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर निर्भीडपणे टीका केली. ज्या काळात तसे करणे म्हणजे देशद्रोहाच्या जवळ जाणे समजले जाई त्या काळात केली. रँग्लर परांजप्यांसारखे मोजके बुद्धिवादी सोडले तर पाठीशी कोणी राहिले नाही. अर्थात यात त्यांचाही दोष आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न चित्रांमुळे विरोधकांच्या हाती फुकटचे शस्त्र गेले. उपरोधाचा सोस त्यांना आवरता आला नाही. आणि ज्या गिरणगावातील बायकांना या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्यापैकी कितीजणी मासिक वाचू शकत होत्या? सुशिक्षित वाचकाच्या शंका फिटल्या, निरक्षर स्त्रीचे बाळंतपण चुकले नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या कार्याला राजमान्यता मिळाली, पण कशी? कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. त्यांना कृत्रिम साधने नको होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने म्हैसूर राज्यातील रामनगरम् आणि दिल्लीची लोदी कॉलनी येथे ऋतुकालाचे दिवस मोजण्याच्या पद्धतीचे प्रयोग झाले आणि दिवस चुकू नयेत म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. मुंबईत तीस वर्षांपूर्वी जे सांगितले गेले होते, त्याच्याही मागे जाऊन सरकारने आरंभ केला. पुढे साधने आली, निरोध आला. पण समर्थन बदलले. आता राष्ट्राची प्रगती, अन्नधान्य, दरडोई उत्पन्न यांची भाषा आली. धर्माला न दुखविणारी ही भाषा होती, कारण तीत स्त्रीच्या सुखाचा वा इच्छेचा उल्लेखच नव्हता. इच्छा वगळली की काय होते ते १९७६-७७ मध्ये दिसले; त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, कितीतरी बळजबरीने.

आणि रोगाचा प्रश्न? १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग आढळला आणि महाराष्ट्र त्याची सर्वाधिक झळ सोसणाऱ्या राज्यांत गणला गेला. कितीतरी बायकांना तो आपल्या नवऱ्याकडूनच मिळाला. तरीही २००७ मध्ये विधिमंडळातील विरोधापुढे नमून राज्य सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला. कारण दिले गेले ते संस्कृतीचे. मुलांना माहिती दिली तर ती बिघडतील, हा तर्क विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना आणि पुण्याच्या सनातन्यांना तत्काळ ओळखता आला असता.

मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. त्यानंतरही रघुनाथरावांनी मासिक एकहाती चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. पिता अण्णासाहेब तेव्हा हयात होते. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.