अचूकतेचा ध्यास : ॲना मणी

तापमापकाने दाखविलेल्या आकड्यावर आपण सहज विश्वास ठेवतो. परंतु तो आकडा खरा असल्याची हमी कोण देते? स्वतंत्र भारताला ही हमी मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञांमध्ये ॲना मणी यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. आठव्या वाढदिवशी घरच्या प्रथेप्रमाणे हिऱ्यांची कर्णभूषणे देऊ केली असता त्यांनी ती नाकारली व त्याऐवजी ज्ञानकोश मागून घेतला. मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरातील प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून त्या १९३९ साली पदवीधर झाल्या. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. एकेका छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास लागत. अनेक रात्री त्या प्रयोगशाळेतच झोपत.

१९४५ साली त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. मात्र एम.एस्सी. ही पदवी नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या आणि हवामानविषयक उपकरणांच्या अभ्यासाकडे वळल्या.

१९४८ साली मायदेशी परतून त्या पुण्यात भारतीय हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोपर्यंत साधे तापमापकही परदेशातून येत असत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले व त्यांच्या देशी निर्मितीस चालना दिली.

हे काम सोपे नव्हते, कारण प्रत्येक कामाला वेगळे साधन लागते. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो. म्हणून त्याहून कमी तापमानासाठी अल्कोहोलचा तापमापक वापरावा लागतो. दिवसाचे कमाल तापमान नोंदविणाऱ्या तापमापकाची नळी फुग्याजवळ निमुळती करतात. त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप मागे येत नाही. आकाशात उंच जाणाऱ्या वायुफुग्यासोबत काचेची नळी वाचावयास कोणी नसते. तेथे तापमानानुसार वाकणारी द्विधातू पट्टी किंवा विद्युत संवेदक योजतात. शिवाय, तापमापक उन्हात ठेवला, तर तो हवेचे खरे तापमान दाखवीत नाही. म्हणून तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. साधन योग्य निवडले, तरी प्रमाण उपकरणाशी ते ताडून पाहणे आवश्यकच असते. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, अशी मणी यांची ठाम धारणा होती.

१९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी भारतात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळाही स्थापन केली. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक या पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे सौर प्रारणावरील ग्रंथ सौर ऊर्जेच्या अभ्यासकांना आधारभूत ठरले.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावामागे डॉक्टरेट कधीच लागली नाही. परंतु देशभरच्या वेधशाळांतील नोंदींना त्यांनी विश्वासार्हतेचे बळ दिले.