शिवराया मोजणारा अमेरिकन पाद्री

पुण्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक शिरूरजवळ घोड नदी ओलांडणारी सडक. दुसरा दौंडहून मनमाडकडे निघणारा, १८७८ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग. पेशवाई बुडाल्यानंतरही अनेक दशके या मुलखाच्या बाजारांत तांब्याची शिवराई चालत होती. तिच्याकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अ‍ॅबट यांचा जन्म १८५३ मध्ये अमेरिकेत झाला. वडील अमोस अ‍ॅबट नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक. शिरूर हेही या मिशनचे एक ठाणे होते. जस्टिन १८८१ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले आणि मुंबईत स्थिरावले. धर्मप्रचार हे त्यांचे नियत कार्य. पण महाराष्ट्र त्यांना स्मरतो तो वेगळ्याच कारणांसाठी.

त्या काळी जुनी तांब्याची नाणी चलनातून मागे पडून वितळवली जात होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढाच मजकूर असलेले, झिजलेले नाणे कोण जपणार? अ‍ॅबट यांनी सुमारे २५ हजार शिवराया तपासल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला.

इतकी नाणी कशासाठी? शिवराई हाताने पाडली जाई. खालच्या ठशावर तांब्याची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. चकती सरकली की अक्षरे अर्धवट उमटत. चकती ठेवायचीच राहिली, तर ठसा ठशावर आदळे आणि पुढच्या नाण्यांवर एका बाजूच्या अक्षरांमागे दुसऱ्या बाजूची उलटी, पुसट सावली दिसू लागे. अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंटवर अशा खुणा शोधणारे संग्राहक आजही आहेत, कारण त्यांवरून कोणती नाणी एकाच ठशातून निघाली आणि कोणती आधीची, हे ठरवता येते. शिवराईच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट. महाराज १६८० मध्ये निवर्तले, तरी त्यांच्या नावाची नाणी पुढेही पडत राहिली. त्यांवर सन नाही, टांकसाळीचे नाव नाही. ‘शिव’चा ‘शीव’ होतो, ‘छत्रपति’ची वळणे बदलतात, इतिहासाला आधार तेवढाच. एखादे देखणे नाणे पेटीत ठेवून हा गुंता सुटणारा नव्हता. कुरूप नाणीही हवी होती, आणि भरपूर हवी होती. अ‍ॅबट यांचे मोठेपण आम्हांस यातच दिसते.

१९१० मध्ये ते मायदेशी परतले. उत्तरायुष्यात त्यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे व रचना इंग्रजीत नेल्या. हिंदू संतांसाठी एका पाद्र्याने एवढे खपावे, याचे नवल अनेकांना वाटले असेल. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले. नाण्यांवरील आपल्या निबंधाला त्यांनी प्राथमिक अभ्यास म्हटले होते. अस्सल शिवकालीन शिवराई कोणती, यावरचा अभ्यासकांचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.