थेअर यांची यादी

सत्र संपते, परीक्षा होते आणि एके सकाळी नोटीस बोर्डावर गुणानुक्रमाची यादी लागते. पहिला कोण, रेलिगेशन कोणाला, ड्रिलचे गुण किती धरले, यावर मग मेसमध्ये आठवडाभर चर्चा चालते. घरून फोन आला की पहिला प्रश्नही तोच असतो. रोजच्या पाठाचे गुण, वागणुकीचे उणे गुण, कच्च्या कॅडेटला मागच्या वर्गात पाठवणे आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच यादी, ही पद्धत इंजिनिअरिंगच्या लष्करी शिक्षणात घट्ट रुजवणारा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव सिल्व्हेनस थेअर. वेस्ट पॉइंटच्या अकादमीचा जनक म्हणून तिकडे त्यांना ओळखतात. खरे तर ती अकादमी 1802 साली सुरू झाली तेव्हा थेअर शाळकरी वयाचे होते. जन्म दुसऱ्यांनी दिला, पण वळण थेअर यांनी लावले.

थेअर यांचा जन्म 9 जून 1785 रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी ते न्यू हॅम्पशायरमध्ये मामाकडे राहायला गेले. पुढे डार्टमाउथ कॉलेजात शिकले आणि 1807 साली वर्गात पहिले आले. पहिल्या आलेल्याने पदवीदान समारंभात निरोपाचे भाषण करायचे, असा तिथला मान होता. थेअर यांनी ते भाषण केलेच नाही. वेस्ट पॉइंटला प्रवेश मिळाल्याचे कळले आणि ते समारंभाआधीच निघून गेले.

त्या काळचे वेस्ट पॉइंट पाहिले तर पुढची गोष्ट समजते. कॅडेट वर्षातून केव्हाही येत. कोणी अगदी पोरसवदा, कोणी चांगला मोठा. अभ्यासक्रम किती वर्षांचा हे नक्की नव्हते आणि परीक्षा कधी होईल याचा नेम नव्हता. स्वतः थेअर वर्षभराच्या आतच, 1808 साली, इंजिनिअर दलाचे अधिकारी होऊन बाहेर पडले. ते हुशार होते म्हणून निभावले. पण त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्यामागून बाहेर पडलेल्यांना नेमके काय येत होते, हे कागदावर पाहून कोणालाही सांगता आले नसते.

1812 साली ब्रिटनशी युद्ध सुरू झाले आणि ही उणीव उघडी पडली. तटबंदी बांधणारे, नकाशे काढणारे, तोफखान्याचे गणित जाणणारे अधिकारी अमेरिकेकडे मोजकेच होते. युद्ध संपल्यावर 1815 साली सरकारने थेअर आणि विल्यम मॅक्री या दोन इंजिनिअर अधिकाऱ्यांना युरोपला पाठवले. तिथले किल्ले, कारखाने आणि लष्करी शाळा पाहायच्या आणि पुस्तके व नकाशे खरेदी करायचे, हे त्यांचे काम होते.

थेअर यांच्या मनात भरले ते पॅरिसचे एकोल पॉलिटेक्निक. तिथे प्रवेशच स्पर्धा परीक्षेतून मिळे. शेवटी सर्वांची क्रमवारी लागे, आणि खाणी, रस्ते व पूल, तोफखाना, लष्करी इंजिनिअरिंग यांपैकी कोणत्या खात्यात जायचे हे त्या क्रमावर ठरे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जन्मलेल्या या संस्थेने अधिकारपद बापाच्या घराण्याऐवजी मुलाच्या गणितावर बसवले होते. त्यात किती घाम आणि किती स्पर्धा आहे, हे थेअर यांनी जवळून पाहिले. सुमारे हजार पुस्तके घेऊन हे दोन अधिकारी परतले. त्यांतली बरीच फ्रेंच होती. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटला फ्रेंच शिकावी लागे, कारण इंजिनिअरिंगची चांगली पाठ्यपुस्तके त्या भाषेत होती.

1817 साली राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी थेअर यांना अकादमीचे सुपरिंटेंडेंट नेमले. आधीचे प्रमुख कॅप्टन ऑल्डन पार्ट्रिज कॅडेटांमध्ये लोकप्रिय होते, पण मर्जीतल्यांना झुकते माप देतात अशी त्यांच्याविषयी तक्रार होती. थेअर रुजू झाले आणि काही आठवड्यांतच पार्ट्रिज परत आले व त्यांनी पुन्हा ताबा घेतला. कॅडेटांनी त्यांचे जल्लोषात स्वागत केले. थेअर यांनी वाद घातला नाही. ते शांतपणे न्यूयॉर्कला निघून गेले आणि त्यांनी वरिष्ठांना कळवले. पार्ट्रिज यांना अटक झाली, कोर्ट मार्शल झाले आणि अखेर त्यांना सैन्य सोडावे लागले. या पार्ट्रिज यांना मात्र निव्वळ खलनायक ठरवू नये. 1819 साली त्यांनी व्हरमाँटमधील नॉर्विच येथे स्वतःची संस्था काढली आणि तिथे स्थापत्यशास्त्रही शिकवले. तिथे चार वर्षांचे ठरीव बंधन नव्हते. ज्याला जसे जमेल तसे त्याने पुढे जावे, अशी त्यांची रीत होती. प्रगतीचा नियम कसा असावा याची ही दोन टोके एकाच देशात एकाच वेळी उभी राहिली.

थेअर यांचे टोक असे होते. प्रवेश ठरावीक वेळी, अभ्यासक्रम चार वर्षांचा. एका वर्गाचे दहा-पंधरा जणांचे गट पाडायचे, आणि तेही गुणांप्रमाणे. वरचे विद्यार्थी पहिल्या गटात, त्यांच्या खालचे दुसऱ्यात, असे शेवटपर्यंत. वरचा गट पुढचा आणि अवघड भाग शिके, खालचा गट आवश्यक तेवढा भाग पक्का करी. प्रत्येक कॅडेटने रोज पाठ म्हणून दाखवायचा किंवा फळ्यासमोर उभे राहून उदाहरण सोडवायचे आणि ते समजावून सांगायचे. हा फळा आणण्याचे श्रेय क्लॉड क्रोझे यांना देतात. ते एकोल पॉलिटेक्निकचे, नेपोलियनच्या सैन्यातून आलेले प्राध्यापक. इंजिनिअरिंग शिकवायला उभे राहिले तेव्हा पुढ्यातल्या मुलांना त्यासाठी लागणारी भूमितीच येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी सुरुवात तिथून केली.

रोजच्या उत्तराला रोज गुण मिळत. पूर्ण बरोबर उत्तराला 3, काहीच न आल्यास 0, आणि मधल्या उत्तरांना दशांशात. आठवड्याच्या शेवटी सगळ्या वर्गांचे तक्ते सुपरिंटेंडेंटकडे जात. ते पाहून कोणी वरच्या गटात चढे, कोणी खाली उतरे. त्यामुळे आज मिळालेली जागा पुढच्या आठवड्यात टिकेल याची खात्री नसे, आणि एका वाईट परीक्षेने वर्षभराचे कष्ट वाया जाण्याची भीतीही कमी होई. जानेवारीत आणि जूनमध्ये मोठी तोंडी परीक्षा होई. जूनच्या परीक्षेला बाहेरचे मान्यवर पाहुणे म्हणून बसत आणि त्यांनाही प्रश्न विचारता येत. कच्चे ठरलेले काही जण मागच्या वर्गात जात, बाकीचे घरी.

शेवटच्या यादीत सगळे विषय सारख्या वजनाचे नव्हते. गणित आणि इंजिनिअरिंग यांचे वजन फ्रेंच व चित्रकलेपेक्षा कितीतरी जास्त असे. वागणूकही हिशेबात धरली जाई. गैरवर्तनाला उणे गुण होते, आणि वर्षात 200 उणे गुण झाले की घरचा रस्ता. प्रत्येक वर्गातल्या पहिल्या पाच जणांची नावे सैन्याच्या नोंदवहीत छापली जात. आजच्या भाषेत ती विशेष प्रावीण्याची यादी होय. पदवीनंतर वरच्यांना इंजिनिअर दल मिळे, मग तोफखाना, आणि खालच्यांच्या वाट्याला बहुधा पायदळ येई. पायदळाला असे खाली बसवणे आज आपल्याला पटणार नाही. पण त्या काळात त्या देशाला कालवे, बंदरे आणि रेल्वे बांधणारी माणसे हवी होती, आणि यादीची रचना त्या गरजेतून झाली होती.

या साऱ्यात थेअर यांचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. कॅडेटला घरून पैसे मागवायला बंदी होती. सर्वांनी सरकारी वेतनात भागवायचे. सेनेटरचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा यांच्या खिशात सारखेच पैसे. पालकांना हा नियम कठोर वाटला असेल, पण त्याशिवाय यादीवर कोणी विश्वास ठेवला नसता. थेअर यांच्या टेबलाला लहान लहान कप्पे होते आणि त्यांत प्रत्येक कॅडेटचे गुण व जमाखर्च यांचे कागद असत, असे सांगतात. भेटायला आलेल्या मुलाला त्याचे कर्ज किती आणि गणितात तो कुठे घसरला, हे साहेबांना आधीच ठाऊक असे. ते कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे पोरे त्यांना जास्तच भीत.

ही शिस्त सगळ्यांना मानवली असे नाही. 1818 साली कमांडंट कॅप्टन जॉन ब्लिस यांनी एका कॅडेटला धरून हिसडले, तेव्हा बहुतेक कॅडेटांनी सही केलेला तक्रार अर्ज घेऊन पाच जण थेअर यांच्याकडे आले. सैन्यात सामूहिक अर्ज चालत नाही, म्हणून थेअर यांनी त्या पाचही जणांना अकादमीबाहेर काढले. प्रकरण काँग्रेसपर्यंत गेले आणि निकाल थेअर यांच्या बाजूने लागला. पण ब्लिसही त्या पदावर फार दिवस राहिले नाहीत. अर्ज चुकीचा होता, तरी तक्रार खोटी नव्हती.

या यादीत कोण कुठे बसले हे पाहणे मोठे रंजक आहे. 1829 च्या तुकडीत 46 जण उत्तीर्ण झाले. रॉबर्ट ली दुसरे आले, चार वर्षांत एकही उणा गुण न घेता. पहिले आले ते चार्ल्स मेसन. त्यांनी लवकरच सैन्य सोडले, ते आयोवात न्यायाधीश झाले आणि आज त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. आदल्या वर्षी, 1828 साली, 33 जणांत 23 वे आलेले जेफर्सन डेव्हिस पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ली हे त्यांचे सेनापती. 1824 साली पहिले आलेले डेनिस हार्ट माहन मात्र अकादमीतच इंजिनिअरिंगचे प्राध्यापक झाले. यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी लढलेले कितीतरी सेनानी त्यांच्या हाताखालून गेले होते.

आणि एडगर ॲलन पो. हा कवी 1830 साली कॅडेट म्हणून आला. जानेवारीच्या परीक्षेत 87 जणांत तो फ्रेंचमध्ये तिसरा आणि गणितात सतरावा होता. नापास होण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याला तिथे राहायचे नव्हते. तो हजेरीला, ड्रिलला, वर्गाला मुद्दाम जाईना, आणि 1831 साली कोर्ट मार्शल होऊन बाहेर पडला. जाताना त्याने कवितांचे पुस्तक काढायचे ठरवले, तेव्हा पुस्तकाची वर्गणी कॅडेटांच्या वेतनातून कापून घ्यायला थेअर यांनी परवानगी दिली. नियमाने बाहेर काढलेल्या मुलाचे पुस्तक त्याच नियमांखाली राहणाऱ्या मुलांच्या पैशातून निघाले. त्यानेही ते अमेरिकी कॅडेट दलालाच अर्पण केले.

थेअर यांची खरी परीक्षा वेगळ्याच दिशेने आली. 1829 साली अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. ही अकादमी म्हणजे बड्यांची मिरासदारी, असा त्यांच्या पक्षात समज होता. गंमत अशी, की जॅक्सन यांनी सांभाळलेला भाचा अँड्र्यू डोनेल्सन याच अकादमीतून 1820 साली दुसरा येऊन बाहेर पडला होता आणि आता त्यांचा खासगी सचिव होता. पण काढून टाकलेले कॅडेट वॉशिंग्टनला जाऊन दाद मागू लागले, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना परत घ्यायचा हुकूम देऊ लागले. एका कॅडेटने रात्री परेड मैदानावर हिकरीच्या झाडाचा खांब रोवला. हिकरी हे जॅक्सन यांचे टोपणनाव. 1832 साली कमांडंट ईथन ॲलन हिचकॉक राष्ट्राध्यक्षांना जाऊन भेटले, पण जॅक्सन उलट थेअर यांच्या जुलमावरच भडकून बोलले.

थेअर यांनी वृत्तपत्रांत लिहिले नाही, कॅडेटांना भडकवले नाही की मित्रांकडून काँग्रेसमध्ये आवाज उठवला नाही. आठवड्याच्या तक्त्यावर खाली गेलेला मुलगा वरून आलेल्या चिठ्ठीने वर येऊ लागला, तर तो तक्ता ठेवायचा कशाला, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी 1833 च्या जानेवारीत राजीनामा दिला आणि उन्हाळ्यात ते बाहेर पडले. सोळा वर्षे झाली होती. निरोप समारंभ झाला नाही. रोजच्यासारखे संध्याकाळी धक्क्यावर आले, सोबतच्यांशी हात मिळवले आणि आगबोटीत बसून निघून गेले, अशी हकीकत तिथे सांगतात. पुढे जॅक्सन यांचा काळ संपला, पण थेअर यांच्या हयातीत ते वेस्ट पॉइंटला परतले नाहीत.

उरलेली तीस वर्षे त्यांनी बॉस्टन बंदरात किल्ले बांधण्यात घालवली. जॉर्जेस बेटावरचा फोर्ट वॉरन त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. 1863 साली ते निवृत्त झाले. लग्न केले नव्हते, खर्च बेताचा, त्यामुळे शिल्लक बरीच होती. 1867 साली त्यांनी डार्टमाउथला इंजिनिअरिंगच्या शाळेसाठी 40,000 डॉलर दिले आणि पुढे ती देणगी 70,000 डॉलरपर्यंत नेली. पदवीनंतरच्या त्या अभ्यासक्रमाची आखणी त्यांनी स्वतः केली, प्रवेशाची अट कडक ठेवली, आणि वेस्ट पॉइंटचा 1868 चा पदवीधर रॉबर्ट फ्लेचर या तरुणाला तिचा प्रमुख नेमले. 1871 साली मोजक्या विद्यार्थ्यांवर ती शाळा सुरू झाली. ज्या कॉलेजात निरोपाचे भाषण न करता ते निघून गेले होते, तिथे त्यांचे नाव असे कायमचे राहिले.

7 सप्टेंबर 1872 रोजी साउथ ब्रेनट्री येथे त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, 1877 साली, त्यांचे अवशेष वेस्ट पॉइंटला नेऊन तिथल्या दफनभूमीत पुरण्यात आले.