संत गोन्सालो गार्सिया : भावनेवर नव्हे, देवावर भरंवसा

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें, हें योग्यच होय. त्यासाठीं आम्हांस फार दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्या कोंकण किनाऱ्यावर आपली रत्नागिरी वसली आहे, त्याच किनाऱ्यावर उत्तरेस वसई येथें संत गोन्सालो गार्सिया सुमारें १५५७ सालीं जन्मास आले. भारतभूमींत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोंचलेले ते पहिले.

त्यांचे वडील पोर्तुगीज व आई याच भागांतली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १५७२ सालीं, ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं लवकरच आत्मसात केली आणि कांहीं वर्षें धर्मशिक्षकाचें काम निष्ठेनें केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. परंतु ती पूर्ण झाली नाहीं.

इच्छा पवित्र, सेवा प्रामाणिक, आणि तरी दार बंद! अशा वेळीं माणसाचें मन दोहोंपैकीं एक सांगूं लागतें : एक तर देवानें आपणांस टाकलें, किंवा आपली ओढ इतकी तीव्र असतांना नाहीं म्हणणारे वरिष्ठच चुकले. हे दोन्ही निष्कर्ष केवळ भावनेचे होत. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनीं आपल्या आध्यात्मिक साधनेंत असा नियमच घालून दिला आहे कीं, मन उदास व अंधारलेलें असतांना पूर्वीं शांतपणें केलेला निश्चय बदलूं नये.

गोन्सालो जपान सोडून व्यापारांत शिरले व पूर्वेकडील बंदरांत त्यांचा चांगला जम बसला. हेंच यश ईश्वराची खूण मानून ते स्वस्थ राहते, तर त्यांस कोणीं दोष दिला नसता. परंतु निराशा हा जसा देवाचा शब्द नव्हे, तशी भरभराटहि नव्हे. पुढें मनिला येथें त्यांनीं व्यापारावर पाणी सोडलें आणि ते फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरूचें पद नाहीं, मानमरातब नाहीं. सेवा मात्र मिळाली. पूर्वींचें दार बंद झालें, परंतु पाचारण संपलें नव्हतें.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविलें. तेव्हां दुभाषी म्हणून बंधु गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. तारुण्यांत शिकलेली भाषा आतां कामीं आली. धर्मप्रसारकांस हद्दपार करण्याचा हुकूम १५८७ सालींच निघाला होता. तरीहि या संघबंधूंनीं क्योतो येथें मंदिर व रुग्णालय उभारून गोरगरिबांची शुश्रूषा चालविली. १५९६ च्या ऑक्टोबरांत ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि त्यावरून हिदेयोशीचा संशय भडकला. डिसेंबरांत अटकसत्र झालें. जानेवारींत क्योतो येथें बंदिवानांचे डावे कान कापण्यांत आले, आणि पुढें ऐन थंडींत त्यांस सुमारें महिनाभर चालवीत नागासाकीस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं ठार मारण्यांत आलें. त्यांत फ्रान्सिस्कन सहा होते व कोंवळीं मुलेंहि होतीं. आणि संत पौल मिकी यांच्यासह येशूसंघाचे तिघे होते! ज्या संघांत गोन्सालोंना जागा मिळाली नव्हती, त्याच संघाच्या पुत्रांबरोबर ते प्रभूच्या एकाच साक्षींत उभे राहिले.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संतपद दिलें.

आमच्या तरुणांपुढेंहि निर्णयाचे प्रसंग येतात : नोकरीसाठीं मुंबईस जावें कीं घरींच राहावें, विवाह कोणाशीं करावा, आयुष्य देवास वाहावें कीं नाहीं. मन एक दिवस उचंबळतें, दुसऱ्या दिवशीं खचतें. आंब्याचा मोहोर पाहून बागाईतदार हरखतो खरा, परंतु सारा मोहोर झाडावर टिकत नाहीं, हें तो जाणतो. म्हणून तो मोहोरावर नव्हे, झाडाच्या मुळावर लक्ष ठेवतो. भावनाहि देवानेंच दिल्या आहेत. त्यांचा तिरस्कार नको. परंतु निर्णयाचें मूळ दुसरीकडे असावें : देवाच्या आज्ञांत, नित्य प्रार्थनेंत, पवित्र संस्कारांत, अनुभवी धर्मगुरूच्या व वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यांत, आणि आज हातीं असलेल्या कर्तव्यांत. इतकें करून मग जो निश्चय होईल, तो मन थंडावलें तरी सोडूं नये. आणि दार बंद झालें तर दार लावणाराहि प्रभूच आहे, असें मानून दुसऱ्या दाराची वाट पाहावी.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हां कोंकणच्या लेकरांसाठीं विनंति करा.